चाळीस फुटांचे कुरण

महाराष्ट्राच्या ग्रामसुधारणेच्या इतिहासात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही दोन नावे ज्या नियमांमुळे सर्वतोमुखी झाली, त्यांत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे जोडनियम अग्रभागी आहेत. आणि ज्या उघड्या डोंगरउतारावर गुरांचे खूर व शेळ्यांचे दात सतत पडत राहतात तेथे रोपटे तग धरीत नाही, हे अवर्षणाच्या मुलखातले रोकडे सत्य असल्यामुळे त्या बंदीविषयी कोणी जाणता मनुष्य तक्रार करणार नाही. परंतु एखादा नियम एका ठिकाणी इतका फळावा की पुढे त्याने स्थलकालाची चौकट सोडून सिद्धान्ताचा वेष धारण करावा, असेही वारंवार घडते. झाड आणि जनावर यांचे जन्मजात वैर आहे, जंगल राखायचे तर गुरे हाकलली पाहिजेत आणि गुरे पोसायची तर झाडे तोडली पाहिजेत, ही समजूत आपल्या जंगल खात्याच्या दप्तरात जितकी पक्की बसली आहे तितकीच ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वनाधिकाऱ्यांच्या मनात अर्धे शतक ठाण मांडून होती. तेथील दक्षिणेच्या राज्यांत, म्हणजे जॉर्जिया, फ्लॉरिडा, अलाबामा, मिसिसिपी आणि लुइझियाना या प्रांतांत, आज काही जमीनमालक एकाच शेतावर इमारती लाकूड आणि मांसाची गुरे अशी दुहेरी पैदास घेतात. सरकारी कृषिखाते त्या पद्धतीला ‘सिल्व्होपाश्चर’ म्हणते, तिच्यासाठी मानके ठरविते आणि अनुदानही देते. हे सख्य नव्याने शोधून काढलेले नाही. ते मोडले कसे, आणि कोणत्या मोजमापाच्या आधाराने पुन्हा जुळविले गेले, हा खरा मनोरंजक भाग आहे.

युरोपीय माणसाचे पाऊल त्या किनाऱ्यावर पडले तेव्हा व्हर्जिनियापासून टेक्ससपर्यंतच्या सखल वालुकामय पट्ट्यात लाँगलीफ पाइन या वृक्षाचे सुमारे ९ कोटी एकर अरण्य पसरलेले होते. सबंध महाराष्ट्राचे क्षेत्रफळ साडेसात कोटी एकरांच्या थोडे वर भरते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या विस्ताराची कल्पना यावी. मात्र अरण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोयनेच्या किंवा मेळघाटच्या झाडीचे जे चित्र उभे राहते, त्याच्याशी या वनाचे काही साम्य नव्हते. येथे उंच, सरळसोट, एकमेकांपासून अंतर राखून उभे असलेले वृक्ष, त्यांच्या विरळ माथ्यांतून थेट जमिनीपर्यंत पोहोचणारे ऊन आणि त्या उन्हावर पोसलेले गुडघाभर वायरग्रास गवत, असा सारा मोकळा मामला होता. जुन्या प्रवाशांनी त्यातून घोडागाडी विनासायास हाकता येत असल्याचे नमूद केले आहे. दर दोन-चार वर्षांनी विजेने किंवा मूळ रहिवाशांच्या हातून लागणारी आग जमिनीलगत धावत जाई, खालची झुडपे जाळी, आणि जाड सालीच्या पाइनला धक्का न लावता पुढे निघून जाई. वायरग्रासची तर तऱ्हा अशी की वाढीच्या हंगामात अंगावरून आग गेल्याशिवाय त्याला धड फुलोरा येत नाही.

या वृक्षाचे बालपण न्याहाळण्याजोगे आहे. शरद ऋतूत गळलेले बी लवकरच उगवते, परंतु त्यातून खोड वर येतच नाही. दोन, पाच, कधी त्याहूनही अधिक वर्षे ते रोप गवताच्या ठोंबासारखे जमिनीला चिकटून राहते, इतके की अनोळखी माणूस त्याला गवत समजून खुशाल तुडवीत जाईल. लांबलचक हिरव्या सुयांचा झुबका बोटांनी बाजूला सारला तर मध्यभागी रुपेरी लवीने वेढलेला एक जाड कोंब दिसतो. आग आली की बाहेरच्या सुया जळतात, त्यांतील ओल वाफ होऊन उडून जाते, आणि कोंब सुरक्षित राहतो. या अवधीत रोपाचा सगळा उद्योग भूगर्भात सोटमूळ उतरविण्याचा चाललेला असतो. पुरेशी शिदोरी साठली की एका वसंतात ते एकाएकी उठते आणि वर्षाकाठी तीन-तीन फूट उंची गाठत आगीच्या टप्प्याबाहेर निघून जाते.

अशा वनात गुरे चरणे ही ओघानेच आलेली गोष्ट होती. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर स्पॅनिश सरदार पोन्से द लेओन याने १५२१ साली पहिली गुरे उतरविली असे मानतात. त्या स्पॅनिश गुरांचे वंशज पुढे ‘क्रॅकर’ आणि ‘पायनीवुड्स’ या नावांनी ओळखले जाणारे, अंगाने लहान पण काटक असे कळप होऊन पाइनच्या वनांत मोकाट वाढले. कुंपण घालायचे ते पिकाला, गुरांना नव्हे, असा तिकडचा वहिवाटीचा कायदा होता, आणि फ्लॉरिडात तर तो १९४९ पर्यंत अंमलात राहिला. गुराखी दर हिवाळ्याच्या अखेरीस वनाला आग लावीत, कारण जळलेल्या जमिनीवर येणारा कोवळा पाला गुरांना भावतो हे त्यांना वाडवडिलांपासून ठाऊक होते. खरा उपद्रव होता मोकाट डुकरांचा. गवतासारख्या अवस्थेतील लाँगलीफच्या मुळाची साल त्यांना इतकी गोड लागे की एक डुक्कर एका दिवसात शेकडो रोपांचा फडशा पाडी. ही भानगड करणारे जनावर वेगळे आणि तिचा दोष ज्याच्या माथी आला ते जनावर वेगळे, हा अन्याय पुढे फार काळ निस्तरावा लागला.

१८८० ते १९२० या चार दशकांत आगगाडीचे रूळ आणि वाफेच्या करवती यांनी ते अरण्य जवळजवळ संपविले. उरलेल्या खुंटांच्या माळावर नवी रोपे का येत नाहीत याचा शोध घेणाऱ्या वनशास्त्रज्ञांनी जर्मनीत घडलेल्या आपल्या शास्त्राच्या दृष्टीने पाहिले, आणि त्यांना दोन अपराधी दिसले: आग आणि गुरे. १९२८ पासून अमेरिकन फॉरेस्ट्री असोसिएशनचे प्रचारक सिनेमाचे यंत्र आणि वीज निर्माण करणारे जनित्र मोटारीत घालून, जेथे विजेचा दिवाही कोणी पाहिला नव्हता अशा खेड्यांतून, वन जाळू नका असा उपदेश करीत तीन वर्षे हिंडले; त्यांना ‘डिक्सी क्रुसेडर्स’ म्हणत. एवढ्याने खेडूत ऐकेनात, तेव्हा वनखात्याने जॉन शे नावाच्या मानसशास्त्रज्ञाला त्यांच्या मनाची तपासणी करण्यास धाडले, आणि त्या विद्वानाने १९४० साली असा निर्वाळा दिला की कंटाळवाण्या परिसरात राहणाऱ्या या मागासलेल्या लोकांना आग लावण्यात मनाचा विरंगुळा लाभतो. मनुष्य आपल्या गुरांसाठी कुरण ताजे करतो आहे ही साधी गोष्ट त्या पांडित्याला का सुचू नये, याचा उलगडा ज्यांनी आपल्याकडील साहेबी जंगल अंमलदारांचे अहवाल वाचले आहेत त्यांना निराळा करून सांगावा लागणार नाही.

सुदैवाने त्याच सरकारच्या दुसऱ्या एका खात्यात वेगळे काम चालले होते. मिसिसिपीतील मॅकनील या गावी पशुसंवर्धन खात्याचे एस. डब्ल्यू. ग्रीन यांनी १९२३ पासून जाळलेली व न जाळलेली, चारलेली व न चारलेली अशी कुरणे शेजारी शेजारी ठेवून गुरांची वजने आणि रोपांची वाढ यांची नोंद ठेवली. जाळलेल्या कुरणावरील गुरांचे वजन स्पष्टपणे अधिक वाढले. शिवाय पानांवर तपकिरी ठिपके पाडून लाँगलीफच्या रोपांचा जीव घेणारा जो रोग आहे, त्याचा उपद्रव नियमित आगीने आटोक्यात राहतो हेही याच काळात दक्षिणेत ठिकठिकाणी ध्यानात येऊ लागले होते. ग्रीन यांनी १९३१ साली ‘अमेरिकन फॉरेस्ट्स’ मासिकात, हे अरण्यच मुळी आगीने घडविले आहे, असा लेख लिहिला. त्याच वर्षी जॉर्जिया–फ्लॉरिडाच्या सीमेवर लावा पक्ष्याचा अभ्यास करणारे हर्बर्ट स्टॉडर्ड यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यांचाही निष्कर्ष आगीच्या बाजूचा होता. मॅकनीलच्या प्रयोगाचा साद्यंत वृत्तांत १९३९ मध्ये सरकारी पुस्तिकेच्या रूपाने बाहेर पडला. एका खात्याचे शास्त्र दुसऱ्या खात्याने मान्य करण्यास आणखी एक पिढी जावी लागली. आज फ्लॉरिडात दरवर्षी सुमारे २० लाख एकरांवर हेतुपूर्वक आग लावली जाते, आणि १९९० च्या कायद्याने अशी आग लावणाऱ्या परवानाधारकाला संरक्षणही दिले आहे.

*

परंतु गुरांना पाइनखालून खरोखर कोणी हाकलले असेल तर ते उपदेशकांनी नव्हे, कागदाच्या गिरणीने. सव्हाना शहरातील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हर्टी यांनी दक्षिणेच्या राळयुक्त पाइनपासूनही वर्तमानपत्री कागद होऊ शकतो हे १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत सिद्ध करून दाखविले, आणि १९३६ साली युनियन बॅग कंपनीची अवाढव्य गिरणी त्याच शहरी सुरू झाली. या गिरण्यांना जाड तुळई नको होती. त्यांना वजनावारी लगद्याचे लाकूड हवे होते, आणि ते वीस-पंचवीस वर्षांत मिळायचे तर झाडे खेटून लावणे भाग होते. आठ-आठ फुटांच्या चौकटीत लावणी केली की एकरात ६८० झाडे मावतात. कापसाने निःसत्त्व झालेली शेते १९५६ च्या ‘सॉइल बँक’ योजनेखाली आणि पुन्हा १९८५ च्या भूसंरक्षण योजनेखाली अशाच पाइनने भरून गेली. दहा-बारा वर्षांत त्यांचे माथे एकमेकांस भिडतात, खाली काळोख होतो, सुयांचा थर साचतो, आणि गवताची काडीही उरत नाही. कुरण गेले म्हणून गुरे गेली. आणि मग गुरे नसलेले असे हे वन पाहून पुढील पिढीच्या वनाधिकाऱ्यांना वाटले की वन म्हणजे असेच असायचे.

या कोंडीतून वाट काढण्याचे श्रेय ज्या संशोधनकेंद्राला जाते, त्याचा महाराष्ट्राशी एक जुना ऋणानुबंध आहे, जो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असेल. दक्षिण जॉर्जियातील टिफ्टन या लहानशा गावी ग्लेन बर्टन (१९१०–२००५) नावाचे गवतांचे पैदासकार आयुष्यभर काम करीत होते. गणपतीला आपण वाहतो त्या दूर्वेच्या, म्हणजेच शेतकऱ्याला छळणाऱ्या हरळीच्या, जातींचा संकर करून त्यांनी १९४३ साली ‘कोस्टल बर्म्यूडा’ हे चाऱ्याचे गवत दिले, ज्याने दक्षिणेतील पशुपालनाचे रूप पालटले. त्याच बर्टन यांनी बाजरीचे ‘टिफ्ट २३ ए’ हे नरवंध्य वाण तयार केले. ते भारतात आले, लुधियानाच्या अठवाल यांनी त्यावरून १९६५ मध्ये एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी सिद्ध केली, आणि नगर-नाशिक-पुण्याच्या माळरानांवर ‘हायब्रीड’चा जो जमाना सुरू झाला (आणि पुढे गोसावी रोगाने जो फटकाही बसला) त्याचे मूळ त्या टिफ्टनच्या शेतात आहे.

या बर्टन यांनी वनखात्याचे क्लिफर्ड लुईस आणि अन्य दोन सहकाऱ्यांसह स्लॅश पाइनची झाडे नेहमीपेक्षा विरळ लावून त्यांखाली निरनिराळी गवते पेरली, त्यांवर गुरे चारली, आणि गवत, मांस व लाकूड या तिन्हींचा वीस वर्षांचा जमाखर्च १९८३ साली ‘ॲग्रोफॉरेस्ट्री सिस्टिम्स’ या नियतकालिकात मांडला. आपल्या अंगणातील आंब्याखाली हरळी का माजत नाही हे ज्याने पाहिले आहे त्याला अंदाज करता येईल की सावली वाढली तशी बर्टन यांची लाडकी दूर्वा मागे पडली. दक्षिण अमेरिकेतून आलेले बाहिया गवत मात्र त्या छायेत अधिक टिकाव धरते. लुईस यांनी पुढे झाडांच्या संख्येऐवजी त्यांच्या मांडणीकडे लक्ष वळविले. दोन-दोन रांगांची जोडी करावी. रांगेत झाड ते झाड ४ फूट, जोडीतील दोन रांगांत ८ फूट, आणि एक जोडी संपल्यावर पुढची सुरू होईपर्यंत ४० फुटांची मोकळी पट्टी ठेवावी. एकराचे ४३,५६० चौरस फूट धरून कोणीही हिशेब मांडून पाहावा: या रचनेत एकरी ४५४ झाडे बसतात. आणि ८ फूट बाय १२ फूट अशी नेहमीची सरळ लावणी केली, तरी नेमकी ४५४च बसतात! झाडे तेवढीच, जमीन तेवढीच. परंतु एका रचनेत दहा वर्षांनी सर्वत्र सारखा अंधार, तर दुसरीत दोन भिंतींमधून आकाशाची एक रुंद पट्टी कायम खुली. त्या पट्टीत गवत पुष्कळ अधिक वर्षे टिकते, ट्रॅक्टर आणि गवत कापण्याचे यंत्र फिरू शकते, आणि लाकडाच्या उत्पन्नात म्हणण्यासारखी तूट येत नाही. दोन खात्यांचे पन्नास वर्षांचे भांडण एका फूटपट्टीने मिटावे, यात मला तरी शास्त्राचा विजय दिसतो.

अर्थात कागदावर रेघा ओढणे निराळे आणि चाळीस फुटांच्या पट्टीत प्रत्यक्ष गुरे सोडणे निराळे. लावणीनंतर पहिली दोन-तीन वर्षे तेथे गुरे सोडता येत नाहीत. त्यांना पाइनच्या सुया फारशा आवडत नसल्या तरी खुरांखाली रोप मोडते, आणि अंग खाजवायला वासराला काहीतरी हवेच असते. तोवर पट्टीतील गवत कापून त्याचे भारे विकायचे. झाडाचा शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर गेला म्हणजे विजेच्या तारेचे तात्पुरते कुंपण घालून कळप आत घ्यायचा, तोही एका कप्प्यात थोडे दिवस चारून पुढच्या कप्प्यात हलवायचा. झाडांना एका बाजूने भरपूर ऊन मिळत असल्यामुळे त्या बाजूला जाड फांद्या फुटतात, आणि फांदी म्हणजे फळीत गाठ; म्हणून टप्प्याटप्प्याने सतरा फुटांपर्यंत खोड सवळून काढावे लागते, कारण आरागिरणीचा ओंडका सोळा फुटांचा असतो. पंधराव्या वर्षाच्या आसपास पहिली विरळणी करून वेडीवाकडी झाडे लगद्यासाठी काढायची, पुढे दुसरी. आणि तीसएक वर्षांनी जी सरळ झाडे उरतील ती तुळयांना, आणि लाँगलीफ असेल तर विजेच्या खांबांना द्यायची, ज्यांचा भाव सर्वांत चढा असतो. म्हणजे गवताचे पंचांग वर्षाचे, वासराचे दीड-दोन वर्षांचे आणि झाडाचे एका पिढीचे. ही तिन्ही पंचांगे एकाच भिंतीवर टांगून रोज पाहणारा मनुष्य ज्या घरात असेल तेथेच हा व्यवहार चालतो.

सावलीने गवत कमी होते तरीही जनावराचे नुकसान का होत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर उष्मा. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरील दमट उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या थंड हवेत घडलेली काळी अँगस गाय दुपारभर धापा टाकते, चरणे सोडून डबक्यात जाऊन उभी राहते, आणि अंगाची वाढ खुंटते. छाया मिळाली तर ती रवंथ करते. थंडीत वरच्या माथ्यामुळे दहिवर गवतावर कमी बसते आणि हिरवा चारा काही दिवस अधिक मिळतो, हा आणखी एक लाभ. दक्षिणेच्या लोकांनी उन्हावर दुसराही उपाय केला होता, तो वशिंडाचा. लुइझियानातील सेंट फ्रान्सिसव्हिल येथील रिचर्ड बॅरो या मळेवाल्याने कापूस आणि ऊस यांची लागवड ब्रिटिश प्रतिनिधीला शिकविली, त्याची बक्षिसी म्हणून १८५४ साली इंग्रज सरकारने त्याला हिंदुस्थानातील दोन वळू पाठविले. पुढे टेक्ससच्या पशुपालकांनी आणखी आयात केली, आणि १९२४ मध्ये ‘अमेरिकन ब्राह्मन’ या नावाने जातीची नोंदवही सुरू झाली. तिच्या मूळ रक्तात कांक्रेज, गीर आणि ओंगोल यांच्या जोडीला कृष्णाखोरे हीही जात मोजली जाते, जी सांगली-मिरजेपासून विजापूरपर्यंतच्या काळ्या रानात नांगरासाठी जोपासली गेली. फ्लॉरिडाच्या पाइनखाली आज ‘ब्रँगस’ म्हणून जी संकरित गुरे चरतात त्यांचा तीन अष्टमांश वंश या ब्राह्मनचा. कृष्णाकाठी ती जात आता दुर्मीळ होत चालली आहे, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

*

पश्चिमेकडील राज्यांत प्रश्नाचे स्वरूप पालटते, कारण तेथे वनाची मालकी बहुतांशी सरकारची. १८९१ च्या कायद्याने राखीव वने निर्माण झाली. गिफर्ड पिंचो यांच्या वनखात्याने १९०६ पासून चराईचा परवाना आणि त्याची फी लागू केली. कोलोरॅडोतील फ्रेड लाइट या पशुपालकाने आपली शेकडो गुरे परवान्यावाचून होली क्रॉस राखीव वनात जाऊ दिली आणि सरकारला आपली जमीन राखायची असेल तर सरकारनेच कुंपण घालावे, असा जबाब दिला. १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. आपल्याकडे १८७१ चा कोंडवाड्याचा कायदा आणि १८७८ चा जंगल कायदा यांनी हेच आधी घडवून आणले होते. गायराने जंगल खात्याच्या घशात गेल्याची तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ साली केली होती, आणि १९३० च्या जुलैत लोकनायक अणे यांनी पुसदला राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. फरक इतकाच पडला की कोलोरॅडोच्या पशुपालकाला हरल्यावरही परवान्याची वाट खुली राहिली, आणि चिरनेरच्या जंगल सत्याग्रहींना त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरला गोळ्या मिळाल्या.

पश्चिमेत पाइन आणि गाय यांचे सख्य सर्वत्र सुखाचे नाही. पाँडेरोसा पाइनच्या सुया हिवाळ्यात चारा संपल्यावर गाभण गायीने खाल्ल्या तर शेवटच्या महिन्यांत गाभ पडतो. पॅसिफिक किनाऱ्याकडे ओरेगनमध्ये मात्र डग्लस फर, क्लोव्हर आणि मेंढ्या यांच्या एकत्र लागवडीवर स्टीव्हन शॅरो आणि सहकाऱ्यांनी जे मापन केले, त्यात एक हेक्टर मिश्र लागवडीइतके उत्पन्न स्वतंत्र वन आणि स्वतंत्र कुरण यांतून काढायचे तर सुमारे १.६ हेक्टर जमीन लागेल असे निघाले. हा आकडा मोहक आहे. परंतु तो काढताना झाडे कोवळी होती, आणि झाडे प्रौढ झाल्यावर गवताचा वाटा घटत जातो हे विसरून तो सर्वत्र फडकविणे बरोबर नव्हे.

इतके सारे असूनही या पद्धतीचा प्रसार बेताचाच आहे. २०१७ च्या कृषिगणनेत कोणत्याही प्रकारची वनशेती करतो असे सांगणारी शेते ३०,८५३ निघाली. देशातील एकूण शेतांच्या मानाने ती दीड टक्का. याचे एक कारण अलाबामातील टस्कीगी येथे अधिक स्पष्ट दिसते. ज्या टस्कीगीला मराठी वाचक वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे आपल्या तालुक्याच्या गावाप्रमाणे ओळखतो, त्याच विद्यापीठात आज पाइनखालची झुडपे शेळ्यामेंढ्यांकडून चारून काढण्याचे प्रयोग चालतात, कारण पंचवीस-तीस एकरांच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला गायींच्या कळपाचे भांडवल झेपत नाही, शेळ्यांचे झेपते. पण भांडवलापेक्षाही बिकट अडचण दप्तराची आहे. गुलामगिरी संपल्यानंतर पैसापैसा जोडून घेतलेली जमीन पणजोबाने मृत्युपत्र न करता मागे ठेवली, आणि ती आज अटलांटा, शिकागो, डेट्रॉइट येथे विखुरलेल्या चाळीस-पन्नास वारसांच्या सामाईक नावावर आहे. अशा जमिनीवर कर्ज मिळत नाही, अनुदानाच्या अर्जावर सह्या जमत नाहीत, पिकलेले लाकूड विकता येत नाही, आणि कोणी परका एका वारसाचा हिस्सा विकत घेऊन न्यायालयातून सबंध जमिनीचा लिलाव करवू शकत असे. २०१० मध्ये तयार झालेल्या आदर्श कायद्याचा स्वीकार एकेक राज्य करीत गेले, आणि अलाबामाने तो २०१४ मध्ये केला, तेव्हापासून इतर वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याची मुभा मिळाली. सातबाऱ्यावर सतरा नावे असलेल्या कुटुंबांना हे दुखणे समजावून सांगण्याची गरज नाही. तीस वर्षांनी तोडायचे झाड लावायचे तर तीस वर्षांनी ते कोणाचे असेल हे आज ठाऊक असावे लागते.

दैवाचा भाग आहेच. १० ऑक्टोबर २०१८ रोजी मायकेल हे चक्रीवादळ फ्लॉरिडाच्या वायव्य पट्टीवर आदळले आणि सुमारे २८ लाख एकरांवरील वृक्षांची हानी झाली; त्या राज्याच्या वनखात्याने लाकडाचे नुकसान १.३ अब्ज डॉलर धरले. नुकत्याच विरळ केलेल्या पाइनला वारा लवकर आडवा करतो. ज्यांच्या शेतात गुरेही होती त्यांच्या हाती, कुंपणे पुन्हा उभी केल्यावर, निदान त्या वर्षीची वासरे राहिली. ज्यांची सारी मिळकत झाडांत गुंतली होती त्यांची पंचवीस वर्षे दोन प्रहरांत गेली.

माझ्या मते आजचा खरा पेच वादळाहून शांतपणे आला आहे. २००८ च्या मंदीनंतर दक्षिणेतील पाइनच्या ओंडक्यांचा भाव जो बसला तो पूर्ववत झालाच नाही, आणि लगद्याच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत आहेत. फ्लॉरिडातील पेरी येथील २०२३ मध्ये थांबली, दक्षिण कॅरोलिनातील जॉर्जटाउनची २०२४ च्या अखेरीस. आणि १९३६ साली ज्या सव्हानाच्या गिरणीने दाट लावणीचे युग आणले, तीही इंटरनॅशनल पेपर कंपनीने २०२५ च्या सप्टेंबरात बंद केली. दुसऱ्या बाजूला १ जानेवारी २०२५ च्या गणतीत देशातील गुरांची संख्या ८ कोटी ६७ लाखांवर, म्हणजे १९५१ नंतरच्या नीचांकावर आली आणि मांसाचे भाव विक्रमी चढले. सरकारी आधारही अनिश्चित. हवामानस्नेही शेतीची जी ३.१ अब्ज डॉलरची योजना होती आणि जिच्यातून वनशेतीलाही पैसा मिळायचा होता, ती एप्रिल २०२५ मध्ये रद्द झाली.

पंधराव्या वर्षी विरळणी करायची हे सारे गणित, विरळलेले लाकूड घेणारी गिरणी मालमोटारीच्या परवडणाऱ्या अंतरात आहे, या गृहीतावर मांडलेले होते. गिऱ्हाईक नसेल तर विरळणी लांबते, जोडरांगांच्या फांद्या चाळीस फुटांवर दोन्हीकडून झुकत येतात, आणि ऐन भाव असताना गुरांचे गवत घटते. मग मालकाला पदरचा पैसा खर्चून झाडे काढावी लागतात किंवा कळप कमी करावा लागतो. म्हणून आज नव्याने लावणी करणाऱ्याने एकरी ४५४ चा आकडा पुन्हा तपासलेला बरा. लगद्याच्या आशेने लावायची निम्म्याहून अधिक झाडे मुळात लावायचीच कशाला? दीडशे-दोनशे लाँगलीफ, तेही खांब आणि तुळई यांच्याच हेतूने, आणि पट्टी चाळीसऐवजी साठ फुटांची, असा बेत केला तर पहिल्या वीस वर्षांचा भार गायी उचलतील आणि गिरणीवर विसंबावे लागणार नाही. असे केल्याने फांद्या सवळण्याची मजुरी वाढेल, कारण विरळ झाड अधिक फांदाळते. ती मजुरी कोठून काढायची, याचे उत्तर पुढील दोन-तीन वर्षांच्या वासरांच्या बाजारभावावर अवलंबून आहे.